'व्हय तर'चे इंग्रजी

माझी नोकरी एकंदर सव्वीस वर्षांची झाली. त्यातली एकवीस वर्षे लोणावळ्यात, रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या कचेरीत गेली. कारकुनी इंग्रजीत मी किती वाक्ये लिहिली त्याचा हिशेब नाही, पण त्यांतल्या बहुतेकांत अर्थाचा प्रश्नच येत नसे. स्लीपर बदलले, चौदा. खडी टाकली, मालगाडीच्या दोन वाघिणी. अशा वाक्यात चूक झालीच तर आकड्याची होते, आणि आकडा जागेवर जाऊन पुन्हा मोजता येतो.

शब्दांच्या मोठ्या चुका माझ्या हातून दोनच झाल्या. पहिलीने माझे हसे झाले. दुसरीने एका माणसाची नोकरी आणि राहती खोली जाण्याची वेळ आली. मला सांगायची आहे ती दुसरी. पण पहिली सांगितल्याशिवाय ती नीट कळणार नाही.

मी तळेगावहून मॅट्रिक होऊन नुकताच चिकटलो होतो. कचेरीत एक रोजची डायरी असे. तीत उभे रकाने आखलेले: तारीख, पाऊस किती इंच, हवा, झालेले काम, शेरा. डायरी लिहिणे हे माझे काम. त्या आठवड्यात पाच दिवस पाऊस थांबला नव्हता. कचेरीच्या भिंतींना ओल आली होती, टाकाचे निब गंजत होते. आमचे त्या वेळचे साहेब लाइनवरून परत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीतून पाणी गळते आहे. रेनकोट खुंटीला अडकवता अडकवता मला म्हणाले, "चार्मिंग वेदर, बाबू."

मॅट्रिकच्या पुस्तकात चार्मिंगचा अर्थ मोहक, रमणीय असा दिलेला होता. इंग्रजांना आमचा पाऊस आवडत असेल असे मला वाटले; त्यांच्यातले पुष्कळ जण मुद्दाम खंडाळ्यात बंगले बांधून राहतात, हेही मी पाहत होतो. मी 'पाऊस' या रकान्यात मोजणीच्या नळीवरचा आकडा लिहिला, नऊ इंच, आणि शेजारच्या 'हवा' या रकान्यात लिहिले, 'चार्मिंग'.

महिनाअखेर साहेबांनी डायरीवर सही करताना ते पाहिले. आधी ते हसले नाहीत. मग हसायला लागले ते चष्मा काढून. मी खोडू का म्हणून विचारले तर म्हणाले, राहू दे. हेडक्लार्क पुण्याचे होते. त्यांनी मला बाजूला घेतले.

"अहो, साहेब जे बोलले ते तुम्ही लिहिलंत. त्यांना जे म्हणायचं होतं ते कुठं लिहिलंत?"

"त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कसं कळणार?"

"शेजारच्या रकान्यात नऊ इंच कोणी लिहिले? तुम्हीच ना?"

या प्रसंगापासून मी एक नियम ठरवून घेतला. हवेच्या रकान्यात तीनच शब्द लिहायचे: पाऊस, धुके, स्वच्छ. आणि इतर सर्व कागदांत, जेवढे विचारले असेल तेवढ्याचेच उत्तर लिहायचे. माणूस त्यापलीकडे जे बोलतो ते सोडून द्यायचे. हा नियम मी दहा वर्षे पाळला आणि त्याने माझे काही बिघडले नाही. उलट, याचे कागद स्वच्छ असतात असे माझे नाव झाले. जबान्यांचे इंग्रजी करण्याचे काम माझ्याकडे आले ते त्यामुळेच.

कार्ल्याकडून रूळ ओलांडून बेडशाच्या बाजूला जाणारा एक कच्चा रस्ता होता, त्यावर फाटक होते. फाटकवाला औंढ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, पन्नाशी उलटलेला. वीस वर्षे तो त्याच फाटकावर होता. फाटकाशेजारची दगडी खोली रेल्वेची. तीत तो आणि त्याची बायको राहत. खोलीमागच्या कुंपणावर घेवड्याचे वेल चढवलेले असत. आम्ही सगळे त्याला आबा म्हणत असू.

फाटकाला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक दार होते. स्टेशनातून घंटी आली की आबांनी दोन्ही दारे लावायची, कड्या घालायच्या आणि झेंडी घेऊन उभे राहायचे, एवढे ते काम. भातकापणी होऊन गेल्यावरच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी डबे नसलेले नुसते इंजिन पुण्याकडे निघाले होते. ते वेळापत्रकात नव्हते, पण घंटी दिली होती. फाटकावर येता येता ड्रायव्हरला रुळांत पेंढ्याची बैलगाडी दिसली. त्याने ब्रेक लावले. तरी गाडीच्या मागच्या अंगाला धक्का बसून एक चाक मोडले आणि पेंढा रुळांवर पसरला. गाडीवान आणि बैल वाचले. ड्रायव्हरने लिहून दिले की, वळणावरून पाहिले तेव्हा दोन्ही दारे बंद होती, जवळ येईतो एक उघडे झाले. बेडशाच्या त्या गाडीवानाने सांगितले, दार उघडे झाले म्हणून मी बैल घातले. म्हणजे प्रश्न एकच उरला. लावलेले दार उघडले कोणी?

चौकशीला पुण्याहून एक इंजिनिअर साहेब आले. ते या मुलखात नवे होते, सहा महिन्यांचे. मराठी त्यांना येत नव्हती. हिंदुस्थानीचे पंधराएक शब्द येत, तेही चहा, पाणी आणि घोडा यांच्या आसपासचे. दहा वाजता ते आमच्या कचेरीत बसले. आबांना आत बोलावण्याआधी त्यांनी मला नियमांचे पुस्तक उघडून दाखवले. इंजिन येते आहे हे माहीत असताना फाटकवाल्याने लावलेले दार कोणासाठी उघडले, तर तो नोकरीवरून दूर होतो आणि सात दिवसांत खोली सोडतो. मधला मार्ग दिलेला नव्हता. हे मी टाक उचलण्याच्या आधी वाचले होते. नंतर कळले असे मला म्हणता येणार नाही.

आबा आले ते धुतलेले पागोटे बांधून, पण चेहरा तापलेला. आदल्या दिवसापासून मुकादमाने, स्टेशनातल्या पोर्टरने, गँगमधल्या माणसांनी, ज्याने त्याने त्यांना तेच विचारले होते. साहेबांचा प्रश्न मी त्यांना मराठीत सांगितला.

"आबा, साहेब विचारतात, इंजिन येतंय हे ठाऊक असताना गाडीसाठी दार तुम्ही उघडलंत का?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. मग साहेबांकडे पाहून सावकाश म्हणाले, "व्हय तर. म्याच उघडलं. गाडीवान माझा जावई न्हवं का, म्हनलं ये बाबा, घालतो तुला इंजनाखाली. लेकीचं कुकू पुसलं म्हंजी मी मोकळा."

असे म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारले.

आता हे सांगितलेच पाहिजे की, आबा काय म्हणत होते याबद्दल मला क्षणभरही शंका नव्हती. मावळात वाढलेल्या लहान मुलालाही ती आली नसती. पण कागदावर वर छापलेले होते की, विचारल्या प्रश्नाचे उत्तर साक्षीदाराच्याच शब्दांत लिहावे. आणि माझा स्वतःचा नियम होताच. प्रश्न दाराचा होता. जावई, कुंकू, हे प्रश्नात नव्हते. मी साहेबांना सांगितले की तो होय म्हणतो, आणि लिहिले, 'यस, ऑफ कोर्स. आय ओपन्ड इट.' 'तर' या शब्दासाठी मला 'ऑफ कोर्स' सुचले. शब्दाला शब्द बरोबर बसला म्हणून मला थोडे बरेही वाटले, हे लिहायला आज संकोच वाटतो.

साहेबांची पेन्सिल थांबली. "ऑफ कोर्स?" ते म्हणाले. मग मान हलवून म्हणाले की, निदान माणूस सरळ आहे, लपवाछपवी करत नाही. पुढे विचारण्यासारखे काही उरलेच नाही. दोन वाजता जबानी साक्षीदाराला वाचून दाखवा, अंगठा घ्या, तीनच्या गाडीने मी कागद घेऊन जातो, असे सांगून ते जेवायला उठले.

आबांना इंग्रजी येत नव्हते. ते व्हरांड्यात जाऊन बसले आणि फडक्यातली भाकरी सोडू लागले. मी त्यांच्याजवळ गेलो.

"आबा, असं का बोललात?"

"कसं?"

"दार मीच उघडलं म्हणालात."

"मग? असं खुळ्यावानी इचारल्यावर काय सांगू?"

"नाही म्हणून सांगायचं."

"न्हाईच म्हनलो की." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला. "तुमी काय लिवलंत?"

मी म्हणालो, जेवून येतो, मग वाचून दाखवतो.

आमची खोली कचेरीपासून दहा मिनिटांवर. माझी जेवायची वेळ बारा. त्या दिवशी दारात पाऊल टाकले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा बावन्न झाले होते. पानाशी पाट मांडलेला होता आणि बायको चुलीशी पाठ करून बसली होती.

"आलात?" ती म्हणाली. "एवढी घाई कशाला केलीत? भाताचं काय, तो आपला संध्याकाळपर्यंत गरम राहतो."

मी हातपाय धुऊन बसलो, पण जेवणात लक्ष नव्हते. तिने आत्ता म्हटले त्याचे इंग्रजी मी कसे करीन, हा विचार डोक्यात आला. एवढी घाई का केली. हे शब्दाला शब्द लिहिले तर वाचणारा साहेब समजेल की बाबू आज वेळेआधी घरी पोचला आणि त्याची बायको काळजीची आहे. मला तो अर्थ का लागला नाही? तिच्या आवाजामुळे म्हणावे, तर आवाज अगदी साधा होता. लागला नाही, कारण समोर घड्याळ होते. माझी वेळ बारा आणि घड्याळात बावन्न, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

मी खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर शब्द लिहून पाहू लागलो. 'ही डिनाइज इट', तो नाकारतो, हे खरे होते. पण ते आबा बोलले नव्हते आणि त्याखाली माझी सही असणार होती. 'सार्कॅस्टिकली', म्हणजे उपरोधाने, असा शब्द घालावा, तर चौकशीत साहेबाला उपरोधाने उत्तर देणे हा त्याच पुस्तकात वेगळा गुन्हा होता, आणि एका गुन्ह्यातून काढून माणसाला दुसऱ्यात घातल्यासारखे झाले असते. 'ओ यस' लिहिले, 'इंडीड' लिहिले. बोलताना ते वाकवता येतात, पण कागदावर दोन्ही होयच. 'आय सपोज आय ओपन्ड इट' लिहून पाहिले. ते सर्वांत वाईट. त्यात माणूस कबूल करतो आणि वर त्याला नीट आठवतही नाही असे दिसते.

"आमटी गार होते आहे," बायको म्हणाली. "काय चाललंय ते?"

मी तिला सगळे सांगितले, आबांचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले, आणि मी काय लिहिले तेही.

"आणि जावयाचं कुठं गेलं?" तिने विचारले.

"कुठल्या?"

"आत्ता म्हणालात ना, जावई म्हणून, कुंकू म्हणून. ते लिहिलंत की नाही?"

"ते प्रश्नात नव्हतं."

"अहो, उत्तर तर तेवढंच होतं. त्याआधीचं नुसतं खाकरणं." तिने मला भात वाढला. "मुलगी आहे का त्यांना?"

मला ते माहीत होते. नोकरांच्या कुटुंबांना रेल्वेचे पास मीच लिहून देत असे. आबांच्या नावापुढे बायको एक, मुलगे दोन. मुलींच्या रकान्यात आडवी रेघ.

मी बोटांवर मोजले. आबा एकवीस शब्द बोलले होते. त्यांतल्या चारांचे मी इंग्रजी केले होते आणि सतरा सोडून दिले होते. खडीच्या वाघिणींत एवढी तूट आली असती तर मी कोणाला रात्रभर झोपू दिले नसते. आणि मी स्वतःला शब्दाशब्दाने लिहिणारा समजत होतो. शब्दाशब्दाने लिहिले असते तरी हे झाले नसते.

पाऊण तासात मी कचेरीत परत होतो. कपाटातून दहा वर्षांपूर्वीची डायरी काढून धूळ पुसली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते दोनला दोन मिनिटे कमी असताना आले.

मी म्हणालो, "साहेब, जबानी अपुरी आहे. मी सतरा शब्द गाळले."

"महत्त्वाचे?"

"सकाळी मला वाटले नाही."

हे सांगताना स्वच्छ कागदाबद्दल जे माझे नाव होते ते मी स्वतःच्या हाताने पुसत होतो. पण पुढचे त्याहून कठीण निघाले. मी सतराच्या सतरा शब्दांचे इंग्रजी करून सांगितले, जावयासकट, आणि साहेबांचा चेहरा सैलावण्याऐवजी आवळला.

"गाडीवान त्याचा जावई आहे?" ते म्हणाले. "मग हे साधे हलगर्जीपणाचे प्रकरण नाही. हे पोलिसांकडे द्यायला हवे."

सगळे शब्द दिले की अर्थ आपोआप पोचेल अशी माझी समजूत होती. पोचला नाही. शब्द पुरे झाले होते. पण घरी होते तसे घड्याळ इथे अजून भिंतीवर नव्हते.

मी डायरी उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. साहेबांनी वाचले. पुन्हा वाचले. मग ते हसले.

"हे कोणी लिहिले?"

"मी, साहेब. शब्द त्या वेळच्या साहेबांचे आहेत. मी एक अक्षर बदललेले नाही."

"पण त्यांच्या मनात तसे नव्हते."

"आपण हे कशावरून म्हणता?"

त्यांनी शेजारच्या रकान्यातल्या नऊ इंचांवर बोट टेकवले. आणि बोट तिथेच ठेवून माझ्याकडे वर पाहिले. मी म्हणालो, "फाटकवाल्याच्या शब्दांशेजारचा आकडा कागदावर नाही, साहेब. एक प्रश्न विचारलात तर तो येईल."

"कोणता?"

"त्याला मुली किती आहेत."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारले, काय उत्तर द्यायचे हे तू त्याला सांगून ठेवले आहेस का? मी म्हणालो, नाही. ते खरे होते. आणि तसे म्हटल्यावर आता सांगता येणार नव्हते, हेही तितकेच खरे. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. सकाळी दाराबद्दल विचारले तर आबा तसे बोलले. आता मुली विचारल्यावर 'सात' म्हणाले, 'समद्या सायबालाच दिल्यात' म्हणाले, तर मी कुठला रकाना उघडून दाखवणार होतो?

आबांना आत बोलावले. मी प्रश्न सांगितला.

"आबा, साहेब विचारतात, तुम्हाला मुली किती?"

"मुली?"

"हो."

आबांनी पागोट्याची कड सारखी केली. सकाळसारखेच आधी माझ्याकडे, मग साहेबांकडे पाहिले. "कशापायी? सोयरीक आनलीया का सायबानं?"

"काय म्हणतो?" साहेब म्हणाले.

या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. साहेबांनी लग्नाचे स्थळ आणले आहे काय, असे तो विचारतो, असे मी इंग्रजीत सांगितले. साहेबांनी आबांकडे पाहिले. आबांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी मला सांगितले, त्याला म्हणावे, स्थळ नाही. नुसता आकडा हवा आहे, आणि नीट हवा आहे. मी ते सांगितले.

"न्हाई," आबा म्हणाले. "दोन पोरं हायती. लेक न्हाई."

मी लिहिले. साहेबांनी लगेच पुढचा प्रश्न स्वतःच विचारला. मग जावई कुठला?

"त्येच तर सकाळधरनं सांगतुया," आबा मला म्हणाले. "लेक न्हाई, जावई न्हाई, आन् दार बी म्या उघडलं न्हाई. त्या दाराची कडी झिजलीया, भाऊ. बैलानं डोस्कं लावलं का दार उघडतंया. मुकादमाला दोनदा सांगितलं. आता कुनी लिवलं नसंल तर ते म्या काय करू?"

हे सगळे प्रश्नोत्तर मी पूर्ण उतरवले. वरचे 'ऑफ कोर्स' खोडू का म्हणून विचारले. साहेब म्हणाले, राहू दे. आता खाली उत्तर आहे. 'राहू दे' हे दुसऱ्या साहेबाच्या तोंडून मी दहा वर्षांनी ऐकले.

मग जबानी मराठीत वाचून दाखवायची होती. मी सकाळचे वाक्य आणि नंतर घातलेले शब्द वेगळे करून वाचले, कारण कागदावर ते वेगळ्या शाईत होते आणि अंगठा घेण्याआधी माणसाला ते सांगणे माझे काम होते.

"म्हंजी सकाळी तुमी माझं निम्मं बोलनं खाल्लं व्हतं?" आबांनी विचारले.

"निम्म्याहून जास्त. एकवीस शब्दांतले सतरा."

"आन् ते मोजलं बी?"

"हो."

आबांनी अंगठ्याला शाई लावून घेतली. कागदावर टेकवताना म्हणाले, "मोजायच्या येळेला ऐकलं असतंत तर माझी भाकर तरी ग्वाड लागली असती." याचे इंग्रजी साहेबांनी विचारले नाही.

साहेबांनी तीनची गाडी जाऊ दिली आणि एका फिटरला घेऊन फाटकावर गेले. फिटरने कडी घालून दार तीन वेळा ढकलले. दोन वेळा उघडले. नवी कडी चौथ्या दिवशी बसली. आबांना ताकीद मिळाली की, पुढे तक्रार करायची ती लेखी करावी. नोकरी राहिली, खोली राहिली. लेखी तक्रार करायला ते माझ्याकडेच येऊ लागले. मी ती लिहून घेताना शेवटपर्यंत ऐकत असे, आणि ते प्रत्येक वेळी वाचून झाल्यावर विचारीत, "समदं हाय न्हवं?"

त्यानंतरच्या वर्षी थंडीत आम्ही बेडशाला एका लग्नाला गेलो होतो. परतताना टांगा त्याच फाटकाशी आला तेव्हा दारे लावलेली होती आणि आबा झेंडी काखेत धरून उभे होते. दोन्ही बाजूंना रूळ लांबवर मोकळे दिसत होते. बायकोला घरी जाऊन दिवेलागणी करायची होती. मी खाली उतरलो.

"आबा, राम राम. गाडी तर अजून दिसत नाही. टांगा तेवढा पलीकडे काढू देता का?"

आबा जवळ आले. नव्या कडीवर त्यांनी हात ठेवला. टांग्यात कोण कोण आहे ते पाहिले.

"व्हय तर," ते म्हणाले. "उघडतो की. तुमी फकस्त लिवून घ्या भाऊ, म्या उघडलं म्हून. पर समदं लिवा."

आणि कडीवरचा हात न काढता ते वळणाकडे पाहत राहिले.

टांग्यात बायको पदर तोंडाशी धरून हसत होती. "आता करा याचं इंग्रजी," ती म्हणाली.

मी टांग्यात जाऊन बसलो आणि घड्याळ काढले. आम्ही सात मिनिटे थांबलो. मालगाडी गेली, तिला चौतीस वाघिणी होत्या. मग दार उघडले.